विस्मरण : लाज नको, व्यवस्था हवी

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील भाषण)



साठी ओलांडली की चष्मा कुठे ठेवला, दुधाचे पैसे दिले की नाही, समोरच्या परिचिताचे नाव काय, असे प्रश्न रोज पडू लागतात. परंतु विस्मरणापेक्षा अधिक हानी करते ती त्याची लाज. मनुष्य चारचौघांत जाणे टाळतो आणि खऱ्या दुखण्याची लक्षणेही घरच्यांपासून लपवतो.

वयोमानानुसार मेंदूचा वेग मंदावतो. अडलेले नाव बहुधा पुसले गेलेले नसते. थोड्या वेळाने ते आपसूक ओठांवर येते. चष्म्याची गोष्ट निराळी. तो ठेवताना मन अन्यत्र होते. ज्याची नोंदच झाली नाही, ते आठवणार कसे?

वेद शतकानुशतके मुखोद्गत राहिले, ते केवळ असामान्य स्मरणशक्तीमुळे नव्हे. आचार्यांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले. जटा आणि घनपाठांत तीच पदे उलटसुलट क्रमाने म्हणवून घेतली, जेणेकरून एकही शब्द निसटू नये. तीव्र स्मृतीलाही त्यांनी व्यवस्थेचा आधार दिला. मग आपण संकोच का करावा?

किल्ल्या आणि चष्मा यांची जागा ठरलेली असावी. गोळ्यांसाठी सात वारांचे खण असलेली डबी घ्यावी. गॅस बंद करताना ‘गॅस बंद केला’ असे मोठ्याने म्हणावे. उच्चाराने लक्ष बांधले जाते. खिशात छोटी वही ठेवावी. रोजचे चालणे, पुरेशी झोप आणि गाठीभेटी सोडू नयेत.

मात्र ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब न जमणे, असे घडू लागल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक वेळी तो अल्झायमरच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले कार्य, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही स्मरण ढासळते आणि यांवर उपाय आहेत. पहिली दोन कारणे तर रक्ततपासणीत कळतात. ब-१२ प्रामुख्याने प्राणिजन्य आहारातून मिळते. म्हणून शाकाहारी मंडळींनी ही तपासणी टाळू नये.

आणि घरातील तरुणांना एक विनंती. ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे वाक्य गिळा आणि तीच गोष्ट शांतपणे पुन्हा सांगा. ज्या घरात विसरल्याचे हसे होत नाही, त्या घरात आजार लपवला जात नाही.