पिशवीतल्या सगळ्या गोळ्या एकदा मांडून बघा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या औषधविक्रेत्या व डॉक्टर बंधू-भगिनींनो,

आज मी कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल, म्हणजे स्टॅटिनबद्दल, बोलणार आहे. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन नाही असे दुकान ना कोरेगावात सापडेल, ना जतमध्ये. ही गोळी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळते, हे आधी ठणकावून सांगतो.

तरीही पाय दुखले की आपला रुग्ण पहिल्यांदा हीच गोळी बंद करतो. वास्तविक ऊसतोडीच्या हंगामात किंवा यवतेश्वरचा घाट पळून आल्यावर मांड्या भरून येतात, त्यात गोळीचा दोष काय? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने खरी गोळी, बनावट गोळी आणि रिकामा महिना दिला. २०२० मध्ये निष्कर्ष आले. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के बनावट गोळीवरही झाला. दुखणे खोटे नव्हते. त्याचे कारण बहुतांशी गोळीत नव्हते.

खरा धोका दुसरीकडे आहे. ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडतात, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोल अडवतात. मग नेहमीचाच डोस रक्तात कितीतरी पटींनी वाढतो. आपल्याकडे नायट्याचे रुग्ण किती, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना आठवडेच्या आठवडे इट्राकोनॅझोल चालू असते. सिम्व्हास्टॅटिनसोबत ते देऊच नये. ॲटोर्वास्टॅटिन असेल तर डोस कमी करायचा की औषध बदलायचे, हे डॉक्टरांना विचारावे. क्षयाच्या रिफाम्पिसिनने उलटे होते, स्टॅटिनचा असर घटतो. तासगावची द्राक्षे आणि बेदाणे खुशाल खावेत. पपनसाच्या (ग्रेपफ्रूटच्या) रसाबद्दल मात्र सावध करावे. रोसुव्हास्टॅटिन घेतल्यावर पित्ताचे पातळ औषध दोन तासांनी द्यावे, आणि सोबत वॉरफरिन असेल तर रक्ताची तपासणी चुकवू देऊ नये.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. स्नायू वितळून मूत्रपिंडे निकामी झाली, माणसे दगावली. जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधासोबत ते घेणाऱ्यांना धोका फार मोठा होता.

आपल्याकडचा रुग्ण मिरजेत अँजिओप्लास्टी करून घेतो, त्वचेसाठी कराडला जातो आणि ताप आला की गावातल्या दवाखान्यात. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या. एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत ॲटोर्वास्टॅटिन असते, दुसऱ्या नावाच्या गोळीतही तेच. रुग्ण दोन्ही इमानेइतबारे घेतो. या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र दिसण्याची शक्यता असलेली जागा एकच, ती म्हणजे आपला काउंटर.

म्हणून स्टॅटिन देताना तीन गोष्टी विचारा. आणखी कोणती औषधे चालू आहेत, आयुर्वेदिक धरून? थायरॉइड, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार आहे का? दोन्ही मांड्या-खांदे दुखून अशक्तपणा किंवा चहासारखी लघवी होते का? शेवटच्याला उत्तर 'हो' आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. बाकीच्या तक्रारींत गोळी परस्पर बंद करू देऊ नका. साखर थोडी वाढू शकते, तीही तपासायला सांगा; त्या भीतीने गोळी सोडायला सांगू नका.

डॉक्टर मित्रांना विनंती एवढीच, की औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरांत लिहा आणि आमचा फोन आला तर रागावू नका. दुष्परिणाम दिसला तर त्याची नोंद गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राकडे करा. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक प्रत्येक दुकानात लावा. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या स्टॅटिनच्या रुग्णापासून सुरुवात करा.