डायलची दोरी



माळ्यावरचा जुना मर्फी किंवा बुश रेडिओ खाली उतरवला की आधी कुणीतरी बटण फिरवून बघतं. काटा जागचा हलत नाही. लगेच निकाल लागतो, "गेला कामातून!" पुष्कळदा गेलेली असते ती फक्त डायलची दोरी. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा सुती दोरीला मानवत नाही. उरलंसुरलं उंदीर बघतात.

या दोरीचे दोन-तीन फेरे बटणाच्या दांड्यावर असतात. तिथून ती पुल्यांवरून एका मोठ्या चाकाला जाते. चाक बसलेलं असतं केंद्र निवडणाऱ्या गँग कंडेन्सरवर. गँगचे हलते पत्रे अर्धा वळसा फिरले की मध्यम लहरींचा अख्खा पट्टा पार होतो. दांडा बारीक आणि चाक मोठं, म्हणूनच केंद्र अलगद लागतं. काटा बिचारा नुसता दोरीला चिमटलेला असतो. केंद्र लावण्यात त्याचा काडीचाही वाटा नाही.

दोरी बदलायला घेताना आधी प्लग काढा. व्हॉल्व्हच्या काही संचांत सांगाड्यातच वीज उतरलेली असते आणि कंडेन्सर प्लग काढल्यावरही झटका देतात. अशा संचाचं काम जाणकारासमोरच करा. मग जुनी दोरी कुठून कशी गेली आहे, फेरे कोणत्या बाजूने आहेत, याचं चित्र कागदावर काढा. दोरी ओढून टाकली की हा नकाशा गेलाच.

नवी दोरी कशाची घ्यायची? वैनगंगेकाठच्या बाजारात मासेमारीचा तंगूस दोरा सहज मिळतो, म्हणून हात तिकडेच जातो. माझं मत विचाराल तर तो नको. गुळगुळीत असल्यामुळे दांड्यावर घसरतो आणि ताणला की लांबतो. विणलेला, न ताणणारा, अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोरा बरा. फेरे एकमेकांवर चढू देऊ नका. चाकातली स्प्रिंग थोडी ताणलेली राहील इतपत दोरी आवळून गाठ मारा. तरीही घसरली तर सारंगीच्या गजाला लावतात ती राळ दांड्याजवळ चिमूटभर लावा. तेल मात्र चुकूनही नाही.

काटा शेवटी बसवायचा. गँगचे पत्रे पूर्ण आत मिटले की काटा पट्टीच्या कमी किलोहर्ट्झच्या टोकाला हवा. मग पडताळा घ्या. १९४८ साली सुरू झालेलं आपलं नागपूर केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झवर. डायलवर मीटर छापले असतील, तर ५१३च्या आसपास. आवाज तिथे आणि काटा भलतीकडे असेल, तर गँगला हात लावू नका, काटाच दोरीवर सरकवा. जागा जमली की नेलपॉलिशचा एक थेंब पुरे.

आणि बटण उजवीकडे फिरवल्यावर काटा डावीकडे पळाला, तर दांड्यावरचे फेरे उलटे पडलेत. सोडा, आणि कागदावरचं चित्र बघून पुन्हा ओवा.