गाणं ऐकायची खोली

मी आत्ता ज्या खोलीत बसून बोलतो आहे, तिच्या भिंतींना बारीक छिद्रांच्या फळ्या मारलेल्या आहेत, पायाखाली जाड गालिचा आहे आणि दाराच्या आत आणखी एक दार आहे. त्यामुळे तुमच्यापर्यंत पोचतो तो फक्त माझा आवाज. ही खोली त्यात स्वतःचं काही मिसळत नाही. हेच भाषण एखाद्या रिकाम्या, नव्याने गिलावा केलेल्या खोलीत उभं राहून केलं, तर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटेल. घरात गाणं ऐकताना आपण यंत्राचा विचार करतो, तारांचा करतो. खोलीचा मात्र करत नाही. मीही केला नव्हता.

आमचं घर दिग्गीला. जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगतच्या डोंगरांत. काळी नदी याच डोंगरांतून निघते आणि कारवारला समुद्राला मिळते. जुनं घर मातीच्या भिंतींचं, शेणाने सारवलेल्या जमिनीचं, वर मंगलोरी कौलं. चार वर्षांपूर्वी त्याला लागून एक खोली बांधली. चिऱ्याच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, डोक्यावर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दहा फूट उंच. ठरवलं, ही गाणं ऐकायची खोली.

पहिल्या दिवशी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. बुवांचा धारवाड आमच्यापासून काही फार लांब नाही, आणि आमच्या घरात त्यांचं गाणं लहानपणापासून आहे. विलंबित चाललं होतं तोवर बरं वाटलं. ताना सुरू झाल्या आणि सगळा चिखल झाला. स्वरावर स्वर चढत होते. तबल्याचं तर त्याहून विचित्र. डग्ग्यावर हात दाबत नेताना जो घुमारा सरकत वर जातो, त्यातली एकच जागा ढोलासारखी दणकायची आणि तिच्या आजूबाजूचं काहीच ऐकू यायचं नाही. मला वाटलं स्पीकर सदोष आहेत. बदलून आणले. दोष तसाच.

मग एका संध्याकाळी तेच स्पीकर उचलून जुन्या माजघरात नेऊन ठेवले आणि तेच ध्वनिमुद्रण लावलं. तान मोत्यांच्या सरासारखी सुटी झाली. यंत्र तेच, गाणं तेच, ऐकणारा तोच. बदलली होती फक्त खोली.

हे असं का होतं, याचा पहिला नीट हिशेब अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात झाला. १८९५ साली तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकाचं बोलणं कुणालाच कळेना. वॉलेस सबाइन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे ते काम आलं. त्याने काय केलं, तर दुसऱ्या नाट्यगृहाच्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून त्या सभागृहात मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर थांबल्यावर किती वेळ ऐकू येतो ते मोजलं. मोजायला हातात घड्याळ आणि स्वतःचा कान. दिवसा गोंगाट असायचा, म्हणून सगळं रात्री. रिकाम्या सभागृहात स्वर साडेपाच सेकंद रेंगाळत होता. गाद्यांनी तो सेकंदाच्या आसपास आला. याच अभ्यासावरून पुढे बॉस्टनचा सिम्फनी हॉल बांधला गेला. तो १९०० साली उघडला आणि आजही गाण्यासाठी जगातल्या उत्तम वास्तूंत गणला जातो.

सबाइनची एक गोष्ट मला फार आवडते. आवाज शोषण्याचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक माप. गिलाव्याच्या भिंतीचं तेवढंच क्षेत्र शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग आवाज घेतं, बाकीचा परत फेकतं. हे वाचलं आणि आमचं माजघर डोळ्यांपुढे आलं. कौलांमधल्या फटी, भिंतीच्या आणि वाशांच्या मधली मोकळी जागा, पडवीकडे सताड उघडं दार, कोपऱ्यात भाताची पोती, उतरंडीशेजारी अंथरुणांचा ढीग, माळ्यावर गवत. त्या घरात सगळीकडे सबाइनच्या खिडक्या होत्या. नव्या खोलीत एकही नव्हती, आणि जी खरी खिडकी होती ती मी धुळीच्या भीतीने बंद ठेवत होतो.

द्रुत तानेत सेकंदाला सात-आठ स्वर येतात. खोलीत स्वर दीड सेकंद रेंगाळत असेल, तर नवा स्वर येतो तेव्हा आधीचे दहा स्वर अजून हवेत असतात. मन्सूरबुवांची पेचदार तान त्या गर्दीत कशी दिसणार? माझ्या खोलीचा हिशेब मांडला, तर रेंगाळणं अर्ध्या सेकंदाच्या आत आणायला सुमारे एकशे वीस चौरस फूट उघड्या खिडकीएवढं शोषण हवं होतं. खोलीच्या सहाही बाजू मिळून होतात ६८० चौरस फूट. म्हणजे सगळं झाकायची गरज नाही, पावापेक्षा कमीच पुरतं. आणि सगळं झाकूही नये. खोली मेल्यासारखी होते, तंबोऱ्याचा जीव जातो.

आता काय लावायचं? इथे बहुतेकजण अंड्यांच्या ट्रेकडे वळतात. कृपा करून वळू नका. तो पुठ्ठा पातळ असतो, फक्त अगदी वरचे, सळसळणारे आवाज थोडे घेतो आणि खालचा घुमारा आहे तसा ठेवतो. शिवाय ठिणगी पडली तर भडकतो. थर्मोकोलही नको, त्यात हवा शिरतच नाही. साधी परीक्षा सांगतो. वस्तू तोंडाला लावून फुंका. फुंकर आरपार जायला हवी, पण थोडी अडखळत जायला हवी. आवाज म्हणजे हलणारी हवा. ती तंतूंमधून घासत गेली की तिची ताकद उष्णतेत विरते. कापूस, काथ्या, लोकर, बाजारात मिळणारं दगडी लोकरीचं जाड पान, सगळ्यांचं काम या एकाच तत्त्वावर चालतं.

आमच्याकडे चार जुन्या गाद्या होत्या. त्या पिंजून घेतल्या. साध्या रिपांच्या चार फूट बाय दोन फुटांच्या, चार इंच जाडीच्या नऊ चौकटी केल्या, मागे कोंबडीची जाळी मारली, कापूस भरला आणि पुढे आईचं जुनं सुती लुगडं ताणून बसवलं. रिपा, खिळे, जाळी आणि पिंजणावळ मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. पहिल्या चौकटीत एक चूक केली. गादीसारखे टाके घातले नाहीत. महिन्याभरात कापूस खाली बसला आणि वरचा हातभर भाग नुसतं लुगडं राहिला. उभ्या चौकटीला टाके हवेतच, वीतभर अंतराने.

चौकट भिंतीला चिकटवू नका. भिंतीशी हवेचे कण हलूच शकत नाहीत, आणि जिथे हवा हलत नाही तिथे कापूस काय घासणार? भिंतीपासून चार इंच पुढे टांगली, की तीच चौकट बरंच खालपर्यंत काम करते. जागा शोधायला आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, घरातल्या कुणालातरी आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथून आवाज आपटून थेट तुमच्या कानात येतो. तिथे पहिली चौकट. दोन्ही बाजूच्या भिंतींवर हे एवढं केलं, त्याच दिवशी गायक स्पीकरांतून निघून दोन स्पीकरांच्या मध्ये येऊन बसला. मागच्या भिंतीवर आम्ही कवंदी टांगली. आमच्या भागातल्या सिद्दी बायका जुन्या साड्या, कपडे थरावर थर ठेवून धावदोऱ्याने शिवतात, ती. चुण्या पाडून सोडली की ती दुप्पट काम करते, आणि खोलीला तिच्याएवढी शोभा दुसऱ्या कशाने आली नसती.

डग्ग्याचं दुखणं मात्र चौकटींना दाद देईना. त्याचं कारण खोलीच्या मापात होतं. बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झचा आवाज दोन भिंतींमध्ये बरोबर मावतो आणि घुमत राहतो. दहा फुटांत ५६ चा. माझी खोली दहा फूट रुंद आणि दहा फूट उंचही, त्यामुळे ५६ चा घुमारा दोन दिशांनी एकाच जागी येऊन बसला. बांधण्याआधी हे माहीत असतं तर उंची फूटभर बदलली असती. तुम्ही खोली बांधणार असाल, तर तिन्ही मापं वेगळी ठेवा. याला पैसा लागत नाही.

एवढ्या खालच्या आवाजाची लाट वीस-चोवीस फुटांची. चार इंच कापूस तिला काय करणार? तिच्यासाठी जाडी लागते आणि कोपरा लागतो, कारण कोपऱ्यात सगळ्या दिशांचा दाब गोळा होतो. आम्ही मागच्या दोन कोपऱ्यांत गाद्या गुंडाळून, एकावर एक, जमिनीपासून छतापर्यंत उभ्या केल्या. पाहुणे आले की वरच्या दोन खाली येतात आणि त्या रात्री डग्गा पुन्हा थोडा माजतो, हे कान देऊन ऐकलं तर कळतं. मग स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, माझी खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवून मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली आणि पडवीचं दार उघडं ठेवायला लागलो. या तिन्हींनी मिळून घुमारा बराच उतरला. पूर्ण गेला नाही.

पुष्कळजण विचारतात, याने बाहेरचा आवाज थांबेल का? नाही. गाद्या खोलीतला आवाज आत फिरू देत नाहीत, भिंतीपलीकडे जाणारा किंवा येणारा आवाज अडवायला जड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. ती वेगळी कामं आहेत, त्यांची गल्लत करून पैसे घालवू नका. आणि कापसाजवळ समई, उदबत्ती, विजेची उघडी तार ठेवू नका.

आमच्या पावसाची गोष्ट वेगळीच. आषाढ-श्रावणात दिग्गीत उन्हाचं तोंड दिसत नाही आणि कापसाला बुरशीचा वास येतो. म्हणून चौकटी खिळ्याला अडकवलेल्या आहेत, ठोकलेल्या नाहीत. पाऊस धरायच्या आधी त्या उतरवून चुलीच्या खोलीतल्या माळ्यावर जातात, तिथे धुराने कोरड्या राहतात. त्या महिन्यांत मी गाणं जुन्या माजघरात ऐकतो.

गेल्या दिवाळीनंतर चौकटी पुन्हा टांगल्या. बाबा येऊन बसले. त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मागं दुसरा तंबोरा आहे रे. आजवर एकच वाटायचा." छत अजून उघडंच आहे. तिथे टांगायच्या चौकटीसाठी बांबू तोडून पडवीत वाळत घातले आहेत.