आई ‘ये’, बाबा ‘या’
(बालवाडीताई व कार्यकर्त्या यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



व्याकरण म्हटलं की आपल्यातल्या निम्म्याजणींच्या पोटात अजूनही गोळा येतो. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी ही नावं आपण छडीच्या धाकानं पाठ केली. मी वस्तीतल्या मुलांना गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवते, पण ही नावं त्यांच्यासमोर काढत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या कानाला वाक्याची जात आधीच कळलेली असते.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात येतो. मी पान उलटायचं थांबते. आता हा विचारतोय, सांगतोय, की हुकूम सोडतोय? मुलं चढाओढीनं ओरडतात. त्यानं गोडीनं विचारलं असतं तर? ‘उघडशील का?’ घाबरला असता तर? ‘बाप रे, केवढा पाऊस!’ एकाच दारापाशी सगळी वाक्यं गोळा होतात. हात वर केला की हुकूम, मान तिरकी केली की प्रश्न, या खुणा मुलांनीच ठरवल्या. पुढे शाळेत प्रश्नचिन्ह भेटतं तेव्हा ते ओळखीचं निघतं.

एकदा कुटुंबाची एक चित्रगोष्ट वाचत होतो. सगळे जत्रेला निघालेत, आईबाबा मागे राहिलेत, आणि मुलगी हाका मारते : ‘आई, लवकर ये! बाबा, लवकर या!’ सगळ्यांनी हुकमाचे हात वर केले. एका मुलीनं मात्र विचारलं, “ताई, बाबा दोन आहेत का?”

मला पटकन उत्तर देता येईना. ‘या’ आदराचं, असं सांगावं तर आईला आदर का नाही, हे ती विचारणारच. आईला ‘तू’ म्हणण्यात माया असते, हे खोटं नाही. मीही माझ्या आईला ‘तू’च म्हणायचे. पण मायेनं म्हटलेलं ‘ये’ आणि नवऱ्यानं बायकोवर टाकलेलं ‘ये’, क्रियापद एकच. बायकोनं मात्र ‘अहो, या’ म्हणायचं. मूल हे कुणी न शिकवता शिकतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा शंखशिंपले, पानं, बिया हेच शिकवण्याचं साहित्य होतं. आम्ही चिंचोके घेतले. पुस्तकातला प्रत्येक हुकूम ज्याला सोडलाय त्याच्या चित्रावर एक चिंचोका. आईचं चित्र पार झाकून गेलं. बाबांवर दोन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारे बाबा दिसले, ते चांगलंच झालं. चित्रं आपण तपासतो. वाक्यं कोण तपासतं?

मग मुलांनी ती गोष्ट बदलली. काहींनी दोघांनाही ‘या’ म्हटलं, काहींनी दोघांनाही ‘ये’. एका मुलानं घरी जाऊन ‘बाबा, ये’ म्हटलं आणि मार खाल्ला. ही माझी चूक. आधी पालकांशी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची आई जाब विचारायला आली. तिला बसवलं, पुस्तक दिलं. तिनं चिंचोके स्वतः मोजले, आणि म्हणाली, “आमच्या घरचे मोजायला बसले तर चूल कधी पेटवू?”

आता पुस्तकं वाटते. दोघीदोघींत एक घ्या. चिंचोके त्या डब्यात आहेत.