हवेचा हिशेब आपल्या वहीत

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, पण आज कविता वाचणार नाय. आज गणित सांगणार आहे. भागाकार येतो त्याला कळेल एवढंच.

सुट्या मालाची बोट धक्क्याला लागते, क्रेनचा पंजा वर उघडतो आणि खाली आमची टोळी धुळीत बुडते. माल ज्या रंगाचा, त्या रंगाचे आम्ही. पाळी संपवून मोबाइल बघावा तर शहराची हवा ‘समाधानकारक’. साला, समाधान झालं कुणाचं?

मग नियम वाचून काढले. हवेचा राष्ट्रीय निर्देशांक २०१५ साली सुरू झाला. त्यात धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीने धरतात. अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितली ती १५. आता समजा, बोट उतरताना तीन तास हवेत ३०० होते आणि उरलेले एकवीस तास २५. करा बेरीज. ९०० आणि ५२५. चोवीसने भागा. आले ५९. बसलं कायद्यात! ज्यांनी ते तीन तास गिळले ती माणसं भागाकारात गायब.

जागेचंही तेच. शहराचा म्हणून एक आकडा छापतात. कचऱ्याच्या डोंगराखालची वस्ती आणि समुद्रासमोरचा बंगला त्यात एकत्र. जन्मात कधी पंगतीला शेजारी बसवलं नाही, सरासरीत मात्र बसवतात!

मग सरकारी आकडे जाळायचे का? नाही. ते आपल्या पैशाचे आहेत, ते वापरायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्वयंचलित केंद्रांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे जनतेला खुले आहेत. ते पाळीप्रमाणे उतरवून घ्या. शहरातली सगळी केंद्रं एकदम चढली, तर हवा कोंडलीय असं समजा. हिवाळ्यात समुद्राचा वारा पडला की मुंबईत हे होतं. पण आपल्याच बाजूचा आकडा चढला, तर धूर शेजारचाच. ही पारख एकट्या वस्तीला जमत नाही, एकट्या दिल्लीलाही जमत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्या लागतात.

आपली वही कशी? तारीख, तास, वाऱ्याची दिशा, काय जळत होतं, कुठला माल उतरत होता, दम लागून कोण दवाखान्यात गेलं. स्वस्तातलं यंत्र घेतलं तर आधी काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून फरक काढा. दमट हवेत कण फुगतात आणि असलं यंत्र आकडा वाढवून सांगतं. आपला खोटा आकडा पहिल्याच बैठकीत पकडतील, मग खऱ्यालाही कुणी विचारणार नाही.

आमच्या टोळीतला एक म्हातारा दोन जिने चढताना तीनदा बसतो. डॉक्टरने विचारलं, बिडी ओढतोस? तो हो म्हणाला. केसपेपरवर बिडी आली. तीस वर्षांची गोदी आली नाही. वही हवी ती यासाठी.

आणि वहीने काय होतं म्हणणाऱ्यांनी माहुलकडे बघावं. तेलाच्या टाक्यांच्या कुशीतली वस्ती. लोक वासाची तक्रार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. तक्रारीच्या जोडीला श्वासाच्या आजारांची पाहणी आली. २०१५ साली लवादाने मान्य केलं, की इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. लढाई तिथे संपली नाही, पण ‘तुमचा भ्रम आहे’ हे बोलणं बंद झालं.

२०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्याचं यश शहराच्या आकड्यावर मोजतात. आपली मागणी सरळ आहे: वस्तीवस्तीचं मोजा, तासातासाचं सांगा, केंद्र कुठे बसवायचं ते आम्हाला विचारून ठरवा, आणि आमची वही सरकारी आकड्याशेजारी मांडा.

१९२७ साली महाडला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले. प्रश्न तहानेचा नव्हता, हक्काचा होता. हवेचंही तसंच आहे. फक्त तिला तळ्यासारखा काठ नाही, म्हणून चोरी दिसत नाही. ती दिसेल असं लिहून ठेवा.

उद्या पहिल्या पाळीपासून सुरुवात. वही मी आणतो, पेन तुम्ही आणा.

जयभीम.