सर्पविष आणि रक्तदाब



नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाण्याच्या शेतकऱ्यास भातलावणीच्या दिवसांत घोणस व फुरसे ही नावे भीतीचीच वाटतात. परंतु उच्च रक्तदाबावरील एका प्रमुख औषधवर्गाचा उगम सर्पविषाच्या अभ्यासातूनच झाला आहे. ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्व्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जराराका सापाचे विष रक्तद्रवात मिसळले असता त्यातून एक द्रव्य मुक्त झाले. त्याचा वृत्तान्त १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या विस्फारून हे द्रव्य प्राण्यांचा रक्तदाब झपाट्याने उतरवी. नऊ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड म्हणजे ब्रॅडिकायनिन. अडचण एकच, पण मोठी होती. शरीरातील विकरे त्याचा अल्पावधीतच नाश करीत. त्यामुळे ते स्वतः औषध ठरू शकले नाही.

१९६५ मध्ये फेरेरा यांना त्याच सापाच्या विषात हा नाश रोखणारा घटक आढळला. नाश करणारे प्रमुख विकर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिनही तयार करते, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे एका अटकावाने दोन कामे साधतात! याच सूत्रावर १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल तयार झाले व नंतर एनालाप्रिल आले.

या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. साठलेले ब्रॅडिकायनिन हे त्याचे एक कारण मानले जाते. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे. ते दुसरे औषध देऊ शकतात. गर्भवती स्त्रियांना मात्र ही औषधे वर्ज्य आहेत.