शाळेची बाग : एक जिवंत प्रदर्शन

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



बागकाम आपल्या शाळांस नवे नाही. वर्ध्यास १९३७ साली नयी तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हापासून हाताच्या कामास शिक्षणात मान मिळाला. अलीकडे, २०१९ पासून, केंद्र शासनाने शालेय पोषण परसबागेस चालना दिली आहे. मुलांच्या ताटात ताजी भाजी पडते, हे उत्तमच होय. तथापि ताटात संपणारी बाग निराळी आणि डोळ्यांस शिकविणारी बाग निराळी.

नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आपणांस ठाऊक असतीलच. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या आपल्या धानात त्यांस तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखून ठेवल्या, पुढील हंगामात निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड चालविली. त्यातून निघालेल्या वाणास घड्याळावरून ‘एचएमटी’ असे नाव पडले व ते अनेक राज्यांत पसरले. (२०१८ साली ते निवर्तले, पैसा मात्र त्यांच्या पदरी फारसा पडला नाही.) बांधीतील हजारो लोंब्यांत तीन निराळ्या दिसणे, ही नजर शाळेस देता येईल काय, हा माझा प्रश्न आहे.

देता येईल, असे मला वाटते. धानाचे परागण बहुधा त्याच फुलात होते, म्हणून लहानशा वाफ्यातही वाण बऱ्याच अंशी शुद्ध राहते. गावात ज्या घरी जुने बी असेल तेथून मूठभर मागून आणावे. एका वाणास एक वाफा, एका वाफ्यास तीन-चार मुले. पऱ्हे केव्हा टाकले, रोवणी केव्हा झाली, पहिली लोंबी कोणत्या दिवशी निसवली, कुसळ आहे की नाही, वाऱ्यात कोणते धान लोळले, हे मुलांनीच वहीत टिपावे. पाटीवर वाणाचे नाव मराठीत असावे. घरी गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलाने त्याखाली आपल्या आजीच्या तोंडचे नावही लिहावे. ते आपणांस ठाऊक नसेल तर त्या मुलासच विचारावे.

कुंपणाकडेला मोह, चारोळी, तेंदू यांची रोपे असावीत. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर अनेक ग्रामसभांकडे जंगलाचा कारभार आला. बांबूचा व तेंदूपानाचा हिशेब उद्या ठेवणारी मुले आज आपल्या वर्गात बसली आहेत. झाड न ओळखणाऱ्यास तो हिशेब कोणीही चुकीचा सांगू शकेल.

आपण म्हणाल, उन्हाळ्यात शाळा बंद, पाणी नाही, बकऱ्या मोकाट. खरे आहे. म्हणूनच मी पावसाचे पीक सुचवितो. वैशाखात वाफे रिकामे राहिले तरी त्यात लाज नाही. तपासणीपुरता झेंडू जगविण्यासाठी मुलींकडून घागरी वाहविणे, ही मात्र लाजेची गोष्ट आहे. रोपांभोवती काट्या लावाव्यात आणि ती शेजारच्या घरांवर सोपवावीत.

कापणीपूर्वी गावकऱ्यांस बोलवावे. मुलांनी आपापला वाफा दाखवावा, बियाण्याच्या लोंब्या त्यांच्यासमक्ष निवडाव्यात. ज्या घरून मूठभर बी आले, त्या घरी दोन मुठी परत जाव्यात. उरलेले वाळवून, राख मिसळून, शाळेच्या मडक्यात पुढील मृगापर्यंत ठेवावे.